गणित येणे आणि गणित शिकवता येणे

भिलाईत एक मत इतके खोल रुजले आहे की त्याची बाजू मांडण्याची गरजही कोणाला वाटत नाही. गणिताच्या शिक्षकाला गणित आले की पुरे. त्याला पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला धाडणे, साधने पुरवणे, इतर शिक्षकांबरोबर बसवून पाठांची चर्चा करायला लावणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय, असे हे मत. वैशाली नगरातल्या मराठी घरांतून ते मला नेहमी ऐकू येते, आणि बोलणारी माणसे जाणती असतात. त्यांतली अनेक पोलाद कारखान्यात अभियंते म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेली. त्यांचे गणित पक्के आणि नातवंडांच्या शाळेविषयीची कळकळ खरी. म्हणूनच त्यांचे मत चुकीचे आहे असे वाटत असेल तर ते सभ्यपणे, पण स्पष्ट सांगितले पाहिजे. पालकसभेत त्यांच्याच शब्दाला वजन असते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या बळानिशी. पहिला मुद्दा असा की एम.एस्सी. झालेल्या माणसाला सातवीचे अपूर्णांक शिकवायला आणखी काय शिकायचे उरते? दुसरा मुद्दा अनुभवाचा. प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावरची सही, कोणीतरी वाचून दाखवलेल्या स्लाइड्स आणि शेवटी प्रमाणपत्र. तेवढे दिवस वर्गातले तास मात्र बुडतात. तिसरा, आता सगळे फोनवर फुकट आहे. २०१७ पासून ‘दीक्षा’ मंच आहे, एनसीईआरटीची पुस्तके आहेत, हजारो व्हिडिओ आहेत. ज्याला शिकायचे आहे तो शिकेलच. चौथा मुद्दा आमच्या गावाच्या अभिमानाचा. भिलाईने कित्येक वर्षे आयआयटीला मुले दिली, ती विषय पक्का असलेल्या शिक्षकांच्या जोरावर; तेव्हा कुठे होती ही कृतिसत्रे?

चारही मुद्द्यांत थोडे थोडे सत्य आहे. निष्कर्ष मात्र चारांपैकी एकातूनही निघत नाही. वाचकांनी पुरावा तपासावा आणि निवाडा करावा.

पहिला मुद्दा घेऊ. पावणेदोन भागिले अर्धा किती? उत्तर साडेतीन. आता याच भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण रचा. लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना नेमके हेच करायला सांगितले. तिचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. त्यांपैकी जेमतेम ९ जणांनी भागाकार पूर्ण आणि बरोबर केला, आणि योग्य उदाहरण एकालाच रचता आले. अनेकांनी पावणेदोन वस्तू दोघांत वाटल्या, म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागले. चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण पुष्कळ कमी होते: शालेय शिक्षणाची सुमारे नऊ वर्षे आणि मग दोन-तीन वर्षांचे अध्यापक विद्यालय. तरी सर्व ७२ जणांचे उत्तर बरोबर आले आणि दहांतल्या नवांनी योग्य उदाहरण रचले: पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, अशा धर्तीचे. हा फरक पदवीने पडला काय? पदवी तर उलट्या बाजूला होती. चिनी शिक्षक शाळेतल्या अध्यापन-गटात आठवड्यामागून आठवडे एकत्र बसून पाठ्यपुस्तक वाचत, पाठ आखत आणि मुलांच्या चुकांवर बोलत आले होते.

नमुना लहान होता, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तच आहे. मग मोठा नमुना पाहू. हेदर हिल, ब्रायन रोवन आणि डेबोरा बॉल यांनी २००५ साली पहिली व तिसरीच्या शेकडो शिक्षकांचा अभ्यास मांडला. मुलांची घरची परिस्थिती आणि शिक्षकाचा अनुभव हिशेबात घेऊनही एक गोष्ट उरली: ‘शिकवण्यासाठी लागणारे गणित’ ज्या शिक्षकांकडे अधिक, त्यांच्या मुलांची वर्षभरातली प्रगती अधिक. त्याआधी, १९७०च्या दशकात, एडवर्ड बेगल यांनी उलट बाजूने हाच शोध घेतला होता. शिक्षकाने उच्च गणिताचे किती अभ्यासक्रम पुरे केले आणि त्याची मुले किती शिकली, यांत सांगण्याजोगा संबंध त्यांना आढळला नाही.

हे ‘शिकवण्यासाठी लागणारे गणित’ म्हणजे काय? मुलीने ५०३ वजा २६७ याचे उत्तर ३६४ लिहिले. लाल फुली कोणीही मारील. पण तिने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, हे किती जणांना दिसते? अशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्यामागे मुलाने स्वतः बनवलेला एक सुसंगत नियम असतो. ब्राऊन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच हे सविस्तर दाखवले. दुसरे उदाहरण त्याहून अवघड आहे. ०.४५ आणि ०.५ यांत मोठे कोण? एक मुलगा म्हणतो ०.४५, कारण ४५ हा ५ पेक्षा मोठा. तो चुकला हे कळते. दुसरा म्हणतो ०.५, आणि शिक्षक पुढे सरकतात. पण त्याचे कारण विचारा: ‘दशांश चिन्हानंतर अंक कमी, म्हणून संख्या मोठी.’ त्याला ०.३ आणि ०.४२ द्या, तो ०.३ मोठे ठरवील. उत्तर बरोबर, समज चुकीची. ही चूक उघडी पाडणारी संख्यांची जोडी कोणती, हे एम.एस्सी.च्या कोणत्या पेपरात विचारतात? हेही गणितच आहे. ते फक्त विद्यापीठात शिकवले जात नाही.

माझ्या अभियंता मित्रांना मी त्यांच्याच घरातला दाखला देतो. पोलाद कारखाना चालवणाऱ्या ‘सेल’मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तरुण रुजू होतो, तेव्हा त्याला पहिल्या दिवशी भट्टी सोपवतात काय? वर्षभर तो प्रशिक्षणार्थी असतो. त्याच्या पदवीवर अविश्वास म्हणून हे कोणी करत नाही. पुस्तकातले धातुशास्त्र आणि भट्टीपुढचे धातुशास्त्र यांतले अंतर सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून करतात. मग तेच अंतर वर्गात का नाकारायचे?

दुसरा मुद्दा, प्रशिक्षणे निरुपयोगी असल्याचा. यातली तक्रार मी मोठ्या प्रमाणात मान्य करतो. राज्यातला तज्ज्ञ जिल्ह्याला शिकवतो, जिल्हा तालुक्याला, तालुका शिक्षकाला, आणि प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत जातो. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ योजना सुरू झाली, तेव्हा तिचे उद्दिष्ट सुमारे ४२ लाख प्राथमिक शिक्षकांचे होते. इतक्या जणांपर्यंत तीच सामग्री पोचवायची म्हटल्यावर तिसरीच्या भागाकाराशी झगडणाऱ्या एका शिक्षकाचा प्रश्न त्यात कुठे बसणार? पण यातून सिद्ध काय होते? वाईट प्रशिक्षण वाईट असते, एवढेच. रोगी बरा झाला नाही म्हणून औषध बदलायचे की वैद्यकच सोडून द्यायचे?

चांगले प्रशिक्षण कसे असते याची उदाहरणे समोर आहेत. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो खऱ्या वर्गात घेतो, बाकीचे मुले काय करतात ते टिपतात आणि मग सगळे त्या पाठाची चिकित्सा करतात. मेजी काळापासून रुजलेली ही पद्धत ‘पाठ-अभ्यास’ म्हणून जगभर पोचली आहे. आपल्याकडे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या ग्रामीण शाळांत काम उभे केले. आणि छत्तीसगडला तर दूर जायलाही नको. टाटा समाजविज्ञान संस्था आणि अमेरिकेतली एमआयटी यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने २०१५ मध्ये ‘क्लिक्स’ उपक्रम सुरू केला. तो ज्या चार राज्यांत राबवला त्यांत छत्तीसगड होते. सरकारी माध्यमिक शाळांसाठी भूमिती आणि गुणोत्तर-प्रमाणाचे पाठ त्यात होते. शिवाय शिक्षकांचे मोबाइलवरचे गट होते, जिथे ते आपापल्या वर्गातले अनुभव एकमेकांना सांगत. त्याला युनेस्कोचा २०१७ चा पुरस्कार मिळाला. आपल्याच राज्यात हे घडले, आणि तरी आपण म्हणतो, प्रशिक्षणाने काही होत नाही?

तिसरा मुद्दा, फोनवर सगळे आहे. सामग्री आहे, यात वाद नाही, आणि ती चांगलीही आहे. २०१२ पासून निघणारे ‘ॲट राइट अँगल्स’ हे गणित-शिक्षकांसाठीचे नियतकालिक मोफत मिळते. मराठीत मंगला नारळीकरांची ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ आहेत, पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ आहे. प्रश्न आहे तो सामग्री हाती आली की शिकणे आपोआप घडते काय, हा. २०१९ चे बालभारतीचे दुसरीचे गणिताचे पुस्तक आठवा. एकवीस म्हणताना मुलाच्या कानावर आधी एकक पडते आणि लिहिताना आधी दशक लिहावे लागते. म्हणून मुले २१ चे १२ करतात. यावर उपाय म्हणून पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’ अशी वाचनपद्धतही दिली. वाद विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून मंगलाताईंनी पुन्हा पुन्हा कारण समजावून सांगितले. पण दुसरीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेशी या बदलावर बसून बोलायचे कोणी, कुठे आणि कधी, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला. पुस्तक बदलले म्हणून वर्ग बदलत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० चा. त्यातल्या ‘लीलावती’सारखा ग्रंथ हाताशी असताना तेवढ्यावर काम भागायला हवे होते. तरी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि त्याच्या निर्वाहासाठी कायमचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. पुढे १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली, आणि मूळ ग्रंथात नुसते नियम होते तिथे त्यांच्या उपपत्ती दिल्या. ग्रंथ पुरेसा असता तर मठ कशाला? नियम पुरेसा असता तर उपपत्ती कशाला? शिकवणाऱ्याला जागा, उत्पन्न, सोबती आणि ‘का’चे उत्तर लागते. महाराष्ट्राने हे आठशे वर्षांपूर्वी कोरून ठेवले.

उरला चौथा मुद्दा, भिलाईच्या यशाचा. त्या यशाचा मलाही अभिमान आहे. पण ते काय सिद्ध करते ते नीट पाहू. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा मुलगा आधीच निवडलेला असतो. त्याला गणित आवडते, घरी पाठबळ असते, न कळलेले तो स्वतः पुन्हा करून पाहतो. अशा मुलासमोर विषय जाणणारा कोणीही माणूस चांगला शिक्षक ठरतो. शाळेच्या शिक्षकापुढे मात्र सगळी मुले बसलेली असतात. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४६ जणांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. बाकीच्या ५४ मुलांचे काय? त्यांच्यासाठी उत्तम विषयज्ञान असलेला, पण त्यांची चूक वाचता न येणारा शिक्षक काय करील? तेच गणित पुन्हा, अधिक मोठ्याने सांगेल. निवडक मुलांच्या निकालावरून सगळ्या मुलांच्या शिक्षकाची गरज ठरवणे, ही संख्याशास्त्रातली अगदी प्राथमिक चूक आहे. गणिताचा अभिमान बाळगणाऱ्या गावाला ती शोभत नाही.

आता माझा पक्ष. मुलांच्या विचारातले गणित ओळखणे हे स्वतंत्र ज्ञान आहे. ते एकट्याने, पदवीतून किंवा व्हिडिओतून पुरेसे येत नाही. ते मुलांच्या वह्या मधे ठेवून, बरोबरीच्या शिक्षकांच्या संगतीत, वर्षानुवर्षे वाढते. म्हणून शिक्षकाला हा वेळ देणे हे शाळेचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते तास पडद्यापुढे बसून प्रमाणपत्रासाठी भरायचे की कामी लावायचे, हे आपल्या हातात आहे. त्यांतले निम्मे तास संकुलातल्या गणित-शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहण्यात आणि मुलांच्या चुका वाचण्यात घालवावेत. दुर्गच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) त्यासाठी माणूस द्यावा. कुटेलाभाटाच्या आयआयटी भिलाईने आपली दारे शाळेच्या शिक्षकांनाही उघडावीत. निवृत्त अभियंत्यांनीही या बैठकांना यावे, शिकवायला नव्हे तर सातवीचे मूल अपूर्णांकाचा विचार कसे करते ते ऐकायला. पुढच्या पालकसभेत ‘निकाल किती लागला’ याआधी ‘गणिताच्या शिक्षकांना एकत्र बसायला आठवड्यात किती वेळ देता’ हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारला जावा.

दोन्ही पक्ष वाचकांसमोर आहेत. ज्यांना अजूनही पहिला पक्ष पटतो, त्यांनी घरातल्या मुलाला ०.४५ आणि ०.५ यांतले मोठे कोण ते विचारावे, आणि उत्तर बरोबर आले तर कारणही विचारावे. त्यानंतर जो निकाल द्याल तो मला मान्य आहे.