नाळेच्या रक्तातली गोष्ट

विसरवाडीच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो, "साखरेचा आजार जाड्या माणसाला. आपली पोरं तर काटक!" पण पुण्याजवळच्या सहा गावांचा इतिहास वेगळं सांगतो.

१९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तिथल्या बायांच्या नोंदी गरोदरपणाआधीपासून ठेवायला सुरुवात केली. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडामासाने बारीक, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकलेली.

पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला. वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त होतं. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. ते जास्त लागणं ही पुढच्या धोक्याची खूण.

गावांतली ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत इन्सुलिन सर्वांत कमी लागू पडत होतं. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, बी-१२ वाढवायचं. ते दूध, अंडी, मासे, मटणातून मिळतं, नुसत्या भाजीभाकरीतून नाही.

आपल्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीतून गरम जेवण मिळतं. पण घरी सून अजून शेवटी जेवते, अंडं आधी गड्यांच्या ताटात जातं. गटाच्या पुढच्या बैठकीत आपण एवढंच ठरवू या: घरात गरोदर बाई असेल, तर पहिलं ताट तिचं.