‘अजागळ’: एका विशेषणाचा प्रवास

नीटनेटकेपणाच्या अभावाला मराठीत शब्दांची वाण नाही. गबाळा, गचाळ, भोंगळ, ओंगळ, अजागळ ही विशेषणे आपण बहुधा समानार्थी समजून वापरतो. वस्तुतः त्यांच्या छटा भिन्न आहेत. ‘ओंगळ’मध्ये घाण आणि किळस आहे. ‘गबाळा’ म्हटले की ‘चंबूगबाळे’ आठवते, म्हणजे कसेबसे गुंडाळलेले सामानसुमान. ‘अजागळ’ मनुष्य मात्र स्नान करून, धुतलेली वस्त्रे नेसूनही अजागळच राहू शकतो. त्याचा दोष मळाचा नाही, ढिलेपणाचा आहे. हा ढिलेपणा शब्दात कोठून आला, हे पाहण्याजोगे आहे.

अजा म्हणजे शेळी, गल म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन मांसल गाठी लोंबत असतात. त्या दिसतात आचळांसारख्या, परंतु त्यांतून दूध निघत नाही. संस्कृत परंपरेने या दृश्यातून ‘अजागलस्तन’ हा दृष्टान्त घडविला. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांपैकी एकही ज्याला साधला नाही त्याचा जन्म या स्तनांसारखा निरर्थक, असे एक सुभाषित ‘हितोपदेशा’त येते.

मराठीत हा दृष्टान्त लवकरच रुजला. ‘ज्ञानेश्वरी’च्या (शके 1212, इ.स. 1290) तिसऱ्या अध्यायात, ज्याच्या हातून स्वधर्माचे आचरण घडत नाही त्याच्या जगण्याला शेळीच्या गळ्यातील स्तनांची उपमा दिली आहे. मूळ गीतेत त्या ठिकाणी असा मनुष्य व्यर्थ जगतो एवढेच म्हटले आहे. शेळी ज्ञानदेवांनी आणली. गीतेचा निर्णय त्यांनी श्रोत्यांच्या नित्य पाहण्यातल्या जनावरावर नेऊन ठेवला.

पुढे उच्चाराच्या ओघात ‘फल’चे फळ आणि ‘काल’चा काळ झाला, तसा ‘गल’चा गळ झाला. ‘स्तन’ गळून पडला. उरलेल्या शब्दाचा अक्षरार्थ केवळ ‘शेळीचा गळा’ एवढाच होतो. ज्याच्यामुळे अर्थ होता तो अवयवच शब्दातून नाहीसा झाला. निरुपयोगीपणाचा दाखला अशा रीतीने विस्मरणात गेला आणि, आमच्या मते, त्या गाठींचे लोंबते, विशोभित रूप तेवढे मागे राहिले. जगण्याच्या व्यर्थतेविषयीचा निर्णय पेहरावाविषयीचा शेरा बनला.

हा बदल निरुपद्रवी नाही. जुन्या अर्थात माणसाच्या कृतीची परीक्षा होती. नव्या अर्थात त्याच्या दिसण्याची होते. सदऱ्याचे बटण तुटलेले असणे हा पुष्कळदा गरिबीचा परिणाम असतो, स्वभावाचा नव्हे. वर्गात एखाद्या मुलाला ‘अजागळ’ म्हणताना आपण ही दोन्ही सहज एक करून टाकतो आणि शब्दाच्या तळाशी असलेला ‘निरुपयोगी’ हा शिक्काही नकळत त्याच्यावर उमटवतो.

समीक्षेत तर हा शब्द अधिक जपून वापरावा लागेल. एखाद्या लेखनाला आपण अजागळ म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? बोलीतील वाक्य प्रमाणभाषेच्या इस्त्रीत बसत नाही, एवढ्यावरून त्याला अजागळ ठरविणे म्हणजे पेहरावावरून माणूस जोखणेच होय. ते वाक्य अर्थाचे दूध देत असेल तर तो आक्षेप टिकत नाही. उलट व्याकरणदृष्ट्या निर्दोष, संस्कृतप्रचुर आणि डौलदार परिच्छेदातही काही विशेषणे केवळ लोंबत असतात. ती काढून टाकली तरी अर्थाचे काहीच उणे होत नाही. ‘अजागळ’ हे विशेषण खरोखर लागू पडते ते तेथे. विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना, आणि आपले स्वतःचे लेख वाचताना, हा जुना अर्थ हाताशी ठेवलेला बरा.