परासरण ताण (एकपेशीय परजीवींतील)

पेशीबाहेरच्या द्रवातील क्षारांचे प्रमाण बदलले की पाणी आत शिरून पेशी फुगते किंवा पाणी गमावून आकसते. हाच परासरण ताण. गावच्या डबक्यातले थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर पॅरामीशियमची संकोची रिक्तिका लयीत भरताना आणि रिकामी होताना दिसते. या उपशासाठी एटीपी खर्ची पडते. परजीवींनाही हा खर्च चुकत नाही. काळा आजाराचा लीश्मानिया पातळ द्रवात पडताच साठवलेले ॲलनीन काही मिनिटांत बाहेर सोडतो. ते ग्लुकोजच्या विघटनातून बनलेले असल्याने फुगवटा आवरताना इंधनही सांडते.

महाराष्ट्रातील उदाहरण तर विलक्षण आहे. गुराढोरांत सर्रा रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी रक्तात ऊर्जेसाठी ग्लुकोजच्या विघटनावरच विसंबतो. माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्या लयकारिकेच्या (लायसोसोम, पेशीतील पाचक पिशवी) पटलात छिद्रे पाडते. क्षारांमागोमाग पाणी घुसते, लयकारिका फुगत जाते आणि परजीवी मरतो. तरीही २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला त्याची लागण झाली. तपासणीत त्याच्या रक्तात हे प्रथिनच आढळले नाही. सुरामीन या औषधाने तो बरा झाला.