निसर्ग आणि मानवी नाट्य : मराठी ग्रामीण कथा-कादंबरी

ऊन, पाऊस, डोंगर आणि माती कथेच्या मागे पडद्यासारखी न राहता माणसांच्या नशिबाचा निवाडा करू लागतात, अशा लेखनाची परंपरा. मराठीत ती स्वातंत्र्यानंतरच्या दशकात जोमाने फुलली.

युरोपात या वाटेने जाणारा एक मोठा लेखक म्हणजे ऑस्ट्रियाचा आडालबर्ट श्टिफ्टर (१८०५–१८६८). १८५३ साली निघालेल्या त्याच्या कथासंग्रहात दगड-खनिजांची नावे असलेल्या कथा आहेत. प्रस्तावनेत त्याने वाऱ्याचे वाहणे आणि धान्याचे वाढणे हे वादळ-विजेपेक्षा थोर मानले. त्यातल्या स्फटिकाच्या कथेत नाताळच्या आदल्या दिवशी आजीकडून परतणारी भावंडे बर्फात वाट चुकतात. आजीने आईसाठी दिलेली कडक कॉफी घोट घोट पिऊन ती रात्रभर जागी राहतात आणि म्हणूनच वाचतात. सकाळी गावकरी त्यांना शोधून काढतात. शेजारच्या खोऱ्यातून आलेल्या त्यांच्या आईला गाव त्यानंतर आपले मानते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) याच्या नेमके उलट घडते. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर येतो. वाडी हळूहळू त्याला आपला म्हणते, सगळे मिळून तालीम बांधतात, राजेसाहेब येऊन जातात. पुढे पाऊस दडी मारतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात आणि माणसे जगायला बाहेर पडतात. एवढ्या कष्टाने जोडलेले गाव दुष्काळ एका हंगामात मोडतो. खलनायक कुणीच नसतो, हे या कादंबरीचे खरे बळ. श्टिफ्टर आणि माडगूळकर दोघेही चित्रे काढत. दोघांच्या गद्यात पाहण्याची शिस्त दिसते ती उगीच नव्हे.

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ कादंबरीतला बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या रानात एकटा राहायला येतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’त (१९५२) कोकणातली गर्द गारंबी बापूच्या बंडखोरीइतकीच जिवंत आहे.

मराठवाड्यात या नाट्याला बाजाराची धार चढली. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ कथेत पीक बुडालेले नाही, उलट भरघोस आले आहे. पोरगा बाजारात ओरडून ओरडून टमाटे विकतो, भाव मात्र घसरतच जातो. अखेर बाप संतापून टमाट्यांचा ढीग पायांखाली तुडवतो. निसर्गाने दिलेले माणसाच्या व्यवहाराने हिरावले, हा या भागातल्या लेखनाचा गाभा. परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधू-पूर्णेच्या मुलखातले इंद्रजित भालेराव वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. त्यांनी हाच अनुभव कवितेतून मांडला. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह १९८९ चा. विदर्भाच्या बाजूला, बुलढाण्याच्या सदानंद देशमुख यांनी ‘बारोमास’मध्ये शिकूनही नोकरी न मिळालेल्या एकनाथच्या घराची पडझड कोरडवाहू शेतीच्या हंगामांसोबत रंगवली. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.