काचेवरचा लाल क्रॉस

नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरपाशी वाहनं कायम अडतात. एका अंगाला एमआयडीसी, पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा. त्यात शिर्डीला निघालेल्या गाड्या, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. रस्ता पुढं विळद घाटाकडे जातो आणि तिथं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. त्यामुळं या अडलेल्या रांगेत डॉक्टरांच्या गाड्या हमखास असतात आणि त्या ओळखायला काही लागत नाही. मागच्या काचेवर पांढऱ्या चौकोनात लाल क्रॉस. आपल्याकडे त्याला सगळे ‘प्लस’ म्हणतात. तो दिसला की माणसं गाडी थोडी बाजूला घेतात. कुणाचा तरी जीव वाचवायला चालला असेल, एवढा विश्वास आपल्या लोकांत अजून आहे. मला तो विश्वास मोलाचा वाटतो, म्हणूनच ही खूण आली कुठून हे नीट सांगावंसं वाटतं. कारण ती डॉक्टरांची नाही. डॉक्टरांना ती कधी दिलेलीच नव्हती.

ती निघाली रणांगणातून. 24 जून 1859 रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो इथं एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया अशी लढाई झाली. दिवस मावळला तेव्हा मेलेले आणि जखमी मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणसं पडलेली होती. ऑंरी द्यूनां नावाचा जिनिव्हाचा एक व्यापारी आपल्या धंद्याचं काम घेऊन फ्रान्सच्या बादशहाला गाठायला त्या भागात आला होता. शेजारच्या कास्तिल्योने गावात चर्चच्या फरशीवर, अंगणात, गल्लीत जखमी सैनिक टाकलेले त्यानं पाहिले. पाणी पाजणारं कुणी नव्हतं. द्यूनां वैद्य नव्हता. जखम बांधायचं शिक्षण त्याला नव्हतं. त्यानं गावातल्या बायाबापड्या गोळा केल्या आणि मित्र-शत्रू न पाहता सगळ्यांची शुश्रूषा करायला घेतली. तीन वर्षांनी, 1862 मध्ये, त्यानं या आठवणींचं पुस्तक स्वखर्चानं छापलं आणि युरोपातल्या राजेरजवाड्यांना, सेनापतींना पाठवलं.

त्याच्या म्हणण्यात दोन गोष्टी होत्या. शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार ठेवावेत, ही एक. आणि जखमींची सेवा करणाऱ्यांवर कुणीही हत्यार उचलू नये, असा देशादेशांत करार व्हावा, ही दुसरी. त्यासाठी जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. तिच्यात लुई आपिया आणि थिओडोर मोनुआर हे दोन डॉक्टर होते, पण द्यूफूर हा सेनापती होता, मुआनिए हा वकील आणि द्यूनां व्यापारी. ऑक्टोबर 1863 च्या परिषदेत ठरलं की सेवा करणाऱ्यांनी दंडावर पांढरी पट्टी बांधावी आणि तिच्यावर लाल क्रॉस असावा. लांबून, धुरातून, घोड्यावरून दिसायला हवं, आणि बंदूक रोखलेल्या माणसाला एका नजरेत कळायला हवं की याला मारायचं नाही. पुढं 22 ऑगस्ट 1864 च्या पहिल्या जिनिव्हा करारानं त्या खुणेला कायद्याचं बळ दिलं. स्वित्झर्लंडचा ध्वज लाल, त्यावर पांढरा क्रॉस. इथं रंग उलटे केलेले. हे त्या देशाचा मान राखण्यासाठीच, असं 1906 च्या करारात लिहून ठेवलेलं आहे.

यात धर्म नव्हता. तरी 1876 साली रशियाशी लढाईचे ढग जमत असताना उस्मानी तुर्कस्ताननं कळवलं की आमच्या सैनिकांना क्रॉस खटकतो, आम्ही लाल चंद्रकोर वापरू. इराणनं लाल सिंह आणि सूर्य घेतला. 2005 मध्ये कुठल्याच धर्माची आठवण न देणारा लाल स्फटिक आला. खूण बदलली तरी अर्थ एकच राहिला: इथं जखमी आहेत, किंवा जखमींची सेवा करणारे आहेत, गोळी झाडू नका. हुद्दा, पदवी, शिक्षण यांचा त्या खुणेशी काही संबंध नव्हता. स्ट्रेचर उचलणारा हमाल आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन, दोघांच्या दंडावर तीच पट्टी.

नगरकरांचा या खुणेशी संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना डांबून ठेवणारी मोठी छावणी होती. 1917 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचे प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या अशा छावण्या पाहत फिरले, त्यात नगरही होतं. राहायची जागा, जेवण, पाणी, आजाऱ्यांची व्यवस्था यांची पाहणी करून त्यांनी अहवाल छापला. शत्रूच्या माणसांनाही नीट वागवलं जातं की नाही, हे पाहायला एक तटस्थ संस्था हजारो कोसांवरून नगरला आली. लाल क्रॉसचं खरं काम हे. आजही भिंगारच्या छावणीतली लष्करी रुग्णवाहिका लाल क्रॉस लावून नगरच्या रस्त्यावर येते तेव्हा तो तिचा हक्कच असतो. तिच्या शेजारी सिग्नलला उभी असलेली खासगी मोटार तोच क्रॉस लावते तेव्हा तो तिचा नसतो.

स्वतंत्र भारतानंही या खुणेचा अर्थ जगाला दाखवला होता. कोरियाच्या युद्धात आपण लढणारं सैन्य धाडलं नाही, 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडलं. नोव्हेंबर 1950 मध्ये लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ते तिथं पोहोचलं आणि त्यांनी सैनिकांबरोबर सामान्य कोरियन माणसांचेही उपचार केले. आपल्या डॉक्टरांना अभिमान मिरवायचाच असेल तर ही गोष्ट मिरवावी.

मग रणांगणावरची ही खूण मोटारीच्या काचेवर कशी उतरली? मला जी वाट दिसते ती अशी. 1920 च्या कायद्यानं इंडियन रेडक्रॉस सोसायटी उभी राहिली. युद्ध संपलेलं होतं, म्हणून तिनं बाळंतपण, बालसंगोपन, परिचारिकांचं शिक्षण अशी शांततेची कामं हाती घेतली. लाल क्रॉस छावणीतून दवाखान्याच्या दारात आला तो इथं. दवाखान्याच्या दारातून रुग्णवाहिकेवर, तिथून औषधाच्या दुकानावर आणि प्रथमोपचाराच्या पेटीवर. धंद्यानंही हात दिला: अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी 1887 पासून आपल्या मलमपट्टीच्या मालावर लाल क्रॉस छापत आली. लोकांच्या मनात खुणेचा अर्थ हळूहळू ‘इथं मारू नका’ यावरून ‘इथं औषध मिळतं’ इथवर सरकला.

यात सरकारी नियमांचाही वाटा आहे, आणि नागापूरच्या एमआयडीसीत तो रोज पाहायला मिळतो. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 45 व्या कलमानुसार दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागे. त्या कायद्याखाली केलेल्या नियमांनी पेटीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल क्रॉस काढायला सांगितलं. लेथवर बोट कापलेला कामगार आयुष्यभर जी खूण पाहत आला, ती या पेटीवरची. त्यानं तीच खूण डॉक्टरच्या गाडीवर पाहिली तर त्याला वावगं का वाटावं? दोष त्याचा नाही.

गाडी येण्याआधी डॉक्टरची ओळख त्याच्या बॅगेवरून व्हायची. खेड्यात व्हिजिटला डॉक्टर निघाले की बॅग उचलायची ती रुग्णाच्या घरच्या माणसानं. आणायला बैलगाडी, पोचवायलाही तीच. पुढं बॅग हातात घेऊन चालणारा माणूस दिसला की वाटेतल्या लोकांना कळायचं, कुणाच्या तरी घरी दुखणं आहे. डॉक्टरला स्वतःहून काही सांगावं लागत नसे, गाव सांगत असे. मग डॉक्टरनं सायकल घेतली, फटफटी घेतली, मोटार घेतली, आणि बॅग डिकीत गेली. रात्रीबेरात्री अडलेल्या बाळंतिणीकडे निघालेल्या डॉक्टरला नाक्यावरचा शिपाई कसा ओळखणार? खुणेची ही गरज खरी होती आणि आजही आहे. बोलावणं आलेल्या डॉक्टरला रस्ता मिळालाच पाहिजे, रुग्णालयाच्या दारात गाडी लावायला जागा मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण काचेवरची खूण डॉक्टर उतरला तरी उतरत नाही. तीच गाडी चितळे रोडला भाजी आणायला जाते, लग्नाला जाते, घरातला मुलगा मित्रांना घेऊन फिरायला जातो, आणि लाल क्रॉस सगळीकडे रस्ता मागत हिंडतो. एका माणसाच्या कामासाठी घेतलेली सवलत अख्ख्या कुटुंबाची प्रतिष्ठा होऊन बसते. आरशाला टांगलेल्या स्टेथोस्कोपचंही तेच. रने लाएनेकनं 1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एका तरुण स्त्रीची छाती तपासताना कागदाची सुरळी कानाला लावली, कारण तिच्या छातीला कान लावणं त्याला अवघड वाटलं. रुग्णाचा संकोच राखण्यासाठी जन्मलेलं ते साधन आता बंद मोटारीत, उन्हात, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं लोंबतं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ते तसं टांगावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याचं 12 वं कलम सांगतं की केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून लाल क्रॉस, किंवा त्याच्यासारखं दिसणारं चिन्ह, कुणीही कोणत्याही कामासाठी वापरू नये. 13 वं कलम पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि ज्या वस्तूवर चिन्ह असेल ती जप्त करण्याची तरतूद करतं. पाचशे रुपये 1960 मध्ये मोठी रक्कम होती, ती तेवढीच राहिली. शिवाय 17 व्या कलमानुसार सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखल घेत नाही. तुम्ही-आम्ही तक्रार करून खटला उभा राहत नाही. म्हणून काचेवरचा क्रॉस काचेवर राहतो.

आणि शांततेच्या काळात ही खूण कुणाला चालते? 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या 44 व्या कलमात अपवाद दिलेला आहे: राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थेच्या परवानगीनं रुग्णवाहिकांना आणि मदत केंद्रांना ती लावता येते, मात्र जखमींची आणि आजाऱ्यांची सेवा तिथं फुकट होत असली पाहिजे. फुकट, ही अट वाचून मी बराच वेळ थांबलो. पैसे घेऊन काम करण्यात गैर काही नाही, डॉक्टरलाही घर चालवायचं असतं. पण ज्या खुणेची अट विनामूल्य सेवा, ती फी घेणाऱ्या व्यवसायाची निशाणी कशी होईल?

डॉक्टरनं काय मिरवावं, हेही ठरलेलं आहे, आणि ते फार लोकांना ठाऊक नाही. मुंबई इलाख्यात 1912 च्या कायद्यानं डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आता 1965 च्या कायद्याखाली ती नोंद ठेवते. 2002 च्या आचारसंहितेनं डॉक्टरला बंधन घातलं की दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर आपला नोंदणी क्रमांक लिहावा. नावापुढं फक्त मान्य पदव्या लावाव्यात. पाटी अवाजवी मोठी नको, आणि तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा आणि क्रमांक यापलीकडे काही नको. औषधाच्या दुकानावर, किंवा जिथं आपण राहत नाही वा काम करत नाही तिथं, पाटी लावू नये. लाल क्रॉस दहा-वीस रुपयांना कुणालाही मिळतो. क्रमांक शिकल्याशिवाय मिळत नाही. रुग्णाला तपासून पाहता येतो तोही क्रमांकच.

करोनाच्या साथीत गाडीवरच्या खुणेचं महत्त्व एकदम वाढलं. एप्रिल 2021 मध्ये मुंबई पोलिसांनी रंगीत गोल ठरवून दिले: वैद्यकीय कामासाठी लाल, भाजीपाला-किराण्यासाठी हिरवा, इतर अत्यावश्यक सेवांसाठी पिवळा. आठवड्याभरात ती योजना मागे घ्यावी लागली. त्याआधीच्या वर्षी याच डॉक्टर-परिचारिकांना काही ठिकाणी शेजाऱ्यांनी इमारतीत शिरू दिलं नव्हतं, मारहाणही झाली, आणि 22 एप्रिल 2020 रोजी केंद्राला साथरोग कायद्यात दुरुस्तीचा वटहुकूम काढावा लागला. महाराष्ट्रात तर डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा 2010 पासून आहे. दीडशे वर्षांपूर्वी दंडावरच्या पट्टीनं जी विनंती सैनिकाला केली होती, तीच आज कायद्याला रुग्णाच्या नातेवाइकांना करावी लागते. डॉक्टर सुरक्षित असावा, ही या खुणेची मूळ मागणी मला पूर्ण मान्य आहे.

खूण परत करणंही अवघड नाही, तसं झालेलं आहे. अमेरिकेत रुग्णवाहिकांवर नारिंगी क्रॉस असायचा. तो आमच्या खुणेसारखा दिसतो, अशी हरकत तिथल्या रेडक्रॉसनं 1973 मध्ये घेतली. तेव्हा सहा पाकळ्यांचा निळा तारा काढला गेला, मध्ये अस्क्लेपिअस या ग्रीक वैद्यदेवाची काठी आणि तिला वेढा घातलेला एक साप. तो तारा आता आपल्याकडच्या कितीतरी रुग्णवाहिकांवर दिसतो आणि रुग्णवाहिका ओळखायला कुणाला अडचण आलेली नाही. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस जगभर रूढ आहे. डॉक्टरांच्या काही गाड्यांवर काठी आणि साप आले आहेत, काहींवर नुसतं ‘डॉ.’. लाल क्रॉसच्या जागी यातलं काहीही चालेल.