शाळा आणि शस्त्रबंदी (अमरावती व अकोला)

विद्यार्थ्याने शाळेच्या आवारात शस्त्र आणू नये, या बंधनामागचे कायदे, आदेश व शालेय नियम. या एकाच विषयाला वाहिलेला स्वतंत्र अधिनियम महाराष्ट्रात नाही. दप्तरात चाकू सापडला की शस्त्र अधिनियम, पोलीस अधिनियम, बाल न्याय अधिनियम आणि शिक्षण हक्क कायदा हे चारही एकाच वेळी लागू होऊ शकतात. मुख्याध्यापकांना मात्र बहुधा एकच उपाय ठाऊक असतो : दाखला हातात देऊन मुलाला घरी पाठवणे. तोच सर्वांत कच्च्या पायावर उभा आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक, पिस्तूल बाळगता येत नाही. अपवाद विहित अटींखालच्या नेमबाजी प्रशिक्षणाचा. तलवार, खंजीर, भाला आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. वर्तमानपत्रांतल्या पोलीसवृत्तात 'कलम ४, २५' दिसते ते याच अधिनियमाचे. त्यात एक ते तीन वर्षांची कैद आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून कायद्याने लाठीचेच नाव घेतले आहे. वऱ्हाडात ही सूट महत्त्वाची ठरते. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत सकाळी शेतात राबून थेट शाळेत येणाऱ्या पोराच्या पिशवीत इळा निघाला, तर तेवढ्यावरून तो या अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही. शीख विद्यार्थ्याच्या कृपाणाला तर संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाचेच संरक्षण आहे.

घरगुती व शेतीच्या वस्तूंची ही सूट महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ पुढे अपुरी पडते. सणवार, निवडणूक किंवा तणावाच्या काळात या कलमाखाली निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवारी, भाले, सुऱ्यांबरोबर काठ्या व लाठ्याही येतात, आणि पात्याचे माप पाहिले जात नाही. अमरावती शहराला पोलीस आयुक्तालय असल्याने तेथे हा आदेश पोलीस आयुक्त काढतात. अकोल्यात आयुक्तालय नाही; तेथे तो जिल्हा दंडाधिकारी कार्यालयातून येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर संचारबंदी लागली, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ वापरले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. हे सारे आदेश ठरावीक मुदतीचे असतात. शाळेची बंदी मात्र वर्षभराची हवी. म्हणून पोलिसांच्या आदेशावर विसंबून न राहता प्रत्येक शाळेने आपला लेखी नियम करायला हवा.

शस्त्र हाती घेणे म्हणजे गुंडगिरी, असे समीकरण या प्रदेशात कधी नव्हते. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मुलांच्या पिढ्यांना लाठी, भाला, दांडपट्टा शिकवला. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकेही केली. आखाड्यातले हत्यार वस्तादाच्या नजरेखाली, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी हातात येते. दप्तरातल्या चाकूवर अशी कोणाचीच नजर नसते. शालेय नियम लिहिताना हा फरक नोंदवला नाही, तर लाठीकाठीचा सराव करणारे मूलही विनाकारण संशयित ठरते.

अमरावती-अकोल्याच्या पोलीसवृत्तांत वारंवार येणारे हत्यार म्हणजे चायना चाकू : मिटवून खिशात मावणारा आणि ऑनलाइन मागवता येणारा. एखाद्या टोळक्याने तो मुलाच्या हाती दिला असेल, तर बाल न्याय अधिनियमाचे कलम ८३ पाहावे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड आहे. चौकशी मुलापाशीच थांबते आणि हे कलम विसरले जाते, ही गंभीर उणीव आहे.

शस्त्रासह मूल सापडल्यानंतर काय करावे, हा या विषयाचा गाभा. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा या वयात मुलाची समज पाहावी लागते. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेली कृत्ये त्यात 'किरकोळ' वर्गात मोडतात, म्हणजे नुसता चाकू बाळगणे याच वर्गात येते. अशा वेळी, प्रौढ साथीदार नसल्यास, प्राथमिक माहिती अहवाल न नोंदवता ठाणे दैनंदिनीत नोंद करायची असते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे द्यायचा असतो. ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकारी हे काम पाहतो. मुलाला ताब्यात घेतलेच तर कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे हजर करावे लागते. सोळा ते अठरा वयाच्या मुलाचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढ म्हणून खटल्यास पाठवण्याची तरतूद आहे, पण ती अतिगंभीर गुन्ह्यांपुरती.

शाळेच्या हातातले अधिकारही मर्यादित आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने मारहाण व मानसिक छळाला मनाई केली आहे. त्यामुळे सातवीतल्या मुलाकडे चाकू सापडला, तर वस्तू काढून घेणे, पालकांना त्याच दिवशी बोलावणे, लेखी नोंद करणे, पोलिसांना कळवणे आणि समुपदेशन, एवढाच कायदेशीर मार्ग राहतो. पुरेसाही तोच आहे. चाकू आणणाऱ्या मुलामागे पुष्कळदा मार खाण्याची भीती असते. त्याला कोणाची भीती वाटते, हे न विचारता केलेली कारवाई अर्धवटच.

ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला दहावीतल्या मुलावर वर्गमित्राने चाकूहल्ला केला व तो मुलगा दगावला. त्यानंतर राजस्थानच्या शिक्षण विभागाने शाळेत धारदार वस्तू आणण्यावर बंदी घातली. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाचा २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतरचा. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांवर त्याचा भर असून शस्त्र हा त्याचा मुख्य विषय नाही. तरी तक्रारपेटीचा येथेही उपयोग आहे. दप्तरात काय आहे, हे शिक्षकांच्या आधी बाकावरच्या सोबत्याला कळते.

शस्त्रासह सापडलेल्या मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र छापणे आणि व्हॉट्सॲपवर पसरवणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने निषिद्ध आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलांसाठीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक १०९८ आहे, पोलिसांसाठी ११२.