पोर्तो संप्रदाय
पोर्तो संप्रदाय म्हणजे पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातील ललितकला विद्यालयात घडलेले वास्तुविशारद. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत ‘राष्ट्रीय शैली’चा उदोउदो चालू असताना त्यांच्यापैकी फर्नांदो तावोरा यांच्यासह अनेक वास्तुविशारदांनी देशभर फिरून ग्रामीण घरांची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला. प्रदेशागणिक दगड, हवा आणि शेती बदलते तशी घरेही बदलतात, असे त्यातून दिसल्याने एकाच शैलीचा दावा लंगडा पडला. तावोरांचे शिष्य आल्व्हारो सिझा यांनी लेसा द पाल्मेइरा येथील समुद्रकाठचे पोहण्याचे तलाव (१९६६) बांधताना खडकांनाच काठ मानले. जिथे खडक अपुरे पडले तेवढ्याच ठिकाणी काँक्रीटच्या ठेंगण्या भिंती घातल्या. १९७४ च्या क्रांतीनंतर ‘साल’ या गृहनिर्माण योजनेत हीच मंडळी वस्त्यांमधल्या रहिवाशांशी चर्चा करून घरांचे आराखडे आखू लागली. वास्तुकलेचे समीक्षक केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८०च्या दशकात चिकित्सक प्रादेशिकतेची, म्हणजे आधुनिक वास्तुकलेला स्थानिक जागेशी जोडणाऱ्या विचाराची, मांडणी करताना सिझांचा दाखला दिला. पुढे सिझा (१९९२) व एदुआर्दो सोतो द मोउरा (२०११) यांना वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. आधुनिक बांधणी आणि स्थानिक जागेची जाण यांत वैर नसते, हे या संप्रदायाने जगापुढे प्रत्यक्ष इमारतींतून मांडले.